एसएनसीयूतून घरी आलेली दोन बाळं: जन्मवजन दोघांचंही १५०० ग्रॅमच्या आत, मग पुढच्या वाढीचा हिशोब वेगळा का?

गटप्रवर्तक_मेळघाट

माझ्या भागातल्या दोन बाळांबद्दल नेमकं विचारायचं आहे. दोघांचं जन्मवजन दीड किलोच्या आत आणि दोघंही आज अंगणवाडीच्या नोंदीत लाल. आशाताईंच्या वहीत दोघांपुढे एकच शेरा आहे, 'अति कमी वजन, आहार वाढवणे'. मला तो पटत नाही.

पहिली मुलगी. जन्म ३ सप्टेंबरचा, सोनोग्राफीप्रमाणे प्रसूतीची तारीख होती ५ नोव्हेंबर. वजन ११८० ग्रॅम. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, ४० दिवस. त्यात १२ दिवस ऑक्सिजन, एकदा रक्तात जंतुसंसर्ग, ३ दिवस काविळीच्या लाइटखाली. मेंदूची सोनोग्राफी सातव्या दिवशी केली, नॉर्मल. डोळे चौथ्या आठवड्यात पाहिले, कार्डावर 'पडदा अपक्व, २ आठवड्यांनी पुन्हा' असं लिहिलंय. पुन्हा कोणी नेलं नाही. कानाची तपासणी नाही. सुट्टी १६२० ग्रॅमवर झाली. आज, ४ फेब्रुवारीला, वजन ४.६ किलो आणि डोक्याचा घेर ३८ सेंमी. आईकडे पाहून हसते, मान पूर्ण धरत नाही. लोहाचे थेंब अर्धा मिली, सुट्टीच्या दिवसापासून तेवढेच.

दुसरा मुलगा. जन्म ४ नोव्हेंबर, ३८ आठवडे पूर्ण, वजन १४६० ग्रॅम. आई १९ वर्षांची, गरोदरपणात हिमोग्लोबिन ७.८, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाते. जन्मल्याबरोबर रडला होता. दुसऱ्या दिवशी सुस्त झाला, दूध ओढेना, साखर २८ निघाली. सहा दिवस दाखल होता, मग घरच्यांनी हट्टाने नेला. आज ३.९ किलो, डोक्याचा घेर ३६.५. आजी म्हणते, नातू दणकट आहे, मांडीवर उभा धरला की पाय रोवून उभा राहतो. झोपेतून उठला की मात्र चार-पाच वेळा लागोपाठ दचकतो. त्यासाठी घरच्यांनी नजर उतरवून झाली.

आधी कोणाला न्यायचं? नेल्यावर काय काय करून घ्यायचं? आणि अशा बाळांची वाढ नेमकी कशावर ठरते, हे आशाताईंना कसं सांगायचं?

---

बालरोग_अकोला

ताई, मुलाला आधी. उद्याच.

तुमच्या लिहिण्यातला सगळ्यांत घाईचा मुद्दा तुम्ही शेवटी टाकलाय, ते दचकणं. साधं दचकणं असं असतं: भांडं पडलं, कोणी डोक्याखालचा हात पटकन काढला, की बाळ दोन्ही हात फाकवतं, मग जवळ घेतं, रडतं. त्याला काहीतरी निमित्त लागतं आणि ते बहुधा एकदाच होतं. तुम्ही सांगताय ते झोपेतून उठल्यावर, निमित्त नसताना, लागोपाठ. बाळ क्षणभर कंबरेतून किंवा मानेतून वाकतं, हात पुढे येतात, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा तसंच, आणि मध्ये किंचाळतं, असं असेल तर ती झटक्यांची एक जात आहे. इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. साधारण तीन ते सात महिन्यांत सुरू होते. घरचे पोटदुखी समजतात, नजर समजतात, गुटी पाजतात आणि महिना-दीड महिना निघून जातो. उपचार सुरू व्हायला जेवढा उशीर, तेवढा मेंदूचा विकास मागे राहतो. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, बाळाला पूर्ण उघडं करून, झोपेतून उठताना. डॉक्टरांसमोर बाळ ते करेलच असं नाही, व्हिडिओ दाखवला की काम अर्धं झालं. पुढे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, लागतो. औषध बहुतेक वेळा स्टिरॉइड गटातलं किंवा विगाबॅट्रिन असतं, नेहमीचं फिटचं औषध यात पुरत नाही. म्हणून गावच्या दवाखान्यातून फिटची बाटली घेऊन घरी बसू नका.

याच बाळात हा संशय का? साखर २८. नवजात बाळाची साखर ४५ च्या खाली गेली की आपण हालचाल करतो. २८ आणि वर सुस्ती, म्हणजे मेंदूला खरोखर उपाशी राहावं लागलं. ही इजा डोक्याच्या मागच्या भागात जास्त होते, जिथे दिसणं समजतं. त्यामुळे डोळा चांगला असूनही बाळ नजर देत नाही, असं होऊ शकतं. हा मुलगा आईच्या चेहऱ्याकडे बघतो का, हसतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिन्यांचं पूर्ण दिवसांचं बाळ हसलंच पाहिजे.

आता मुलगी. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत एकदा पाहायचा, आणि रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहायचा. 'अपक्व' हा शब्द लोकांना दिलासा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच, की अजून निकाल लागलेला नाही. बिघडत असेल तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत द्यावं लागतं, त्यासाठीच ती दोन आठवड्यांची तारीख होती. आज ती ठरल्या तारखेपासून हिशोब केला तर तीन महिन्यांची आहे, म्हणजे ती वेळ टळून गेली. आईकडे पाहून हसते हे चांगलं लक्षण, पण एक डोळा गेलेलं बाळसुद्धा हसतं. पडदा, तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर, तिन्ही पाहून घ्या. लवकर जन्मलेल्या बाळांत मोठा मायनस नंबर लहानपणीच निघतो.

सातव्या दिवशीची नॉर्मल सोनोग्राफी एवढंच सांगते, की मेंदूत मोठा रक्तस्राव नव्हता. पांढऱ्या भागाला रक्त कमी पडून इजा झाली असेल, तर त्या जागी पोकळ्या दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तिची दुसरी सोनोग्राफी झालेलीच नाही. टाळू अजून उघडी आहे, करून घ्या.

वाढ कशावर ठरते, याचं माझं उत्तर: बाळ लहान *का* जन्मलं, आणि पहिल्या महिन्यात त्याच्यावर काय काय गुदरलं. जन्मवजनाचा आकडा त्यानंतर. मुलगी ३१ आठवड्यांची, त्या दिवसांच्या मानाने ११८० फार कमी नाही. पोटात ती ठीक वाढत होती, लवकर बाहेर आली. तिची भीती फुप्फुस, डोळे, मेंदूतला रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची. मुलगा दिवस भरून आला, पण पोटातच उपाशी राहिला. आईच्या अंगात रक्त नाही, वय कोवळं, तंबाखूमुळे वारेचा रक्तपुरवठा आवळलेला. यकृतात साठा नाही म्हणून साखर पडली. अशा बाळात डोकं वाचलेलं असलं, म्हणजे अंग हडकुळं पण डोकं नीट, तर उपासमार उशिरा सुरू झाली असं समजतो. इथे डोकंही लहान आहे. त्यामुळे पोटातच झालेला विषाणूसंसर्गही पाहायला सांगा, विशेषतः सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू). त्याने बहिरेपणही येतं.

कानासाठी दोघांची बेरा तपासणी मागा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी. एसएनसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई ही कानाची प्राथमिक चाचणी पुरत नाही. ती आतल्या कानापर्यंतचंच सांगते, पुढची नस तिला कळत नाही. कावीळ, संसर्ग, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं यांचा मार नेमका तिथे आणि आतल्या कानावर पडतो. नियम एक-तीन-सहाचा: एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत पक्कं निदान, सहा महिन्यांत यंत्र किंवा उपचार सुरू.

---

पोषण_यवतमाळ

वरच्या सरांनी घाईचं सांगितलं, मी नोंदवहीचं सांगतो. निम्मा घोळ तिथेच आहे.

करेक्टेड वय काढायचं ते जन्मतारखेऐवजी ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून. मुलगी ५ नोव्हेंबरपासून मोजली तर आज तीन महिन्यांची. तीन महिन्यांच्या मुलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात खालची रेघ, म्हणजे उणे दोन (सरासरीपासून दोन प्रमाण विचलन खाली), ४.५ किलोवर आहे. ही ४.६. काठावर आहे, पण रेघेच्या वर आहे. जन्मतारखेने मोजलं की ती पाच महिन्यांची होते, आणि तिथे उणे तीनची रेघ ४.८ वर. म्हणून अंगणवाडीच्या नोंदीत ती तीव्र कमी वजनाची, लाल. तीच मुलगी, तेच वजन, फरक फक्त नऊ आठवड्यांचा.

सुट्टीपासून तिचं वजन ११४ दिवसांत २९८० ग्रॅम वाढलं, म्हणजे दिवसाला २६ ग्रॅम. घरी गेलेल्या बाळाकडून आपण २० ते ३० ची अपेक्षा करतो. आई उत्तम पाजते आहे. या माउलीला कोणी 'आहार वाढवा' म्हणून सांगितलं, की पुढच्या आठवड्यात घरात पावडरचा डबा, पाणी घातलेलं गाईचं दूध नाहीतर वरणाचं पाणी आलंच म्हणून समजा. मग जुलाब, मग वजन खरंच खाली.

मुलाला मात्र ही सूट नाही. ही चूक फार होते, वजन कमी दिसलं की सरसकट 'कमी दिवसांचं' म्हणून वय दुरुस्त करून टाकतात. ३८ आठवडे म्हणजे दिवस पूर्ण. तीन महिन्यांच्या मुलासाठी उणे तीनची रेघ ४.४ किलोवर, हा ३.९. डोक्याच्या घेराची उणे तीनची रेघ ३६.९, हा ३६.५. इथे लाल म्हणजे खरा लाल.

डोक्याचा घेर मोजताना न ताणणारी टेप हवी. भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्या. तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा लिहा. तेल लावून केस बसलेले असले की अर्धा सेंमी इकडे-तिकडे होतं. पहिले तीन महिने महिन्याला साधारण २ सेंमी, पुढचे तीन १ सेंमी, मग सहा ते बारा महिन्यांत महिन्याला अर्धा सेंमी. आठवड्याला सव्वा सेंमीहून जास्त वाढू लागला तर डोक्यात पाणी साठतंय का ते पाहायचं. वजन वाढतंय आणि घेर थांबलाय, ही नोंद मला नुसत्या कमी वजनापेक्षा जास्त काळजीची वाटते.

वजनकाट्याबद्दलही एक. झोळीच्या स्प्रिंग काट्यावर दोन रेघांमध्ये १०० ग्रॅमचं अंतर असेल, तर रोज वजन करून उपयोग नाही. २५ ग्रॅमची वाढ त्यावर दिसणारच नाही. आठवड्याने, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने, आधी रिकाम्या झोळीचा काटा शून्यावर आणून.

लोहाचं गणित मुलीच्या बाबतीत चुकतंय. अशा बाळाला दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम लोह लागतं, कारण आईकडून लोह मिळतं ते शेवटच्या तीन महिन्यांत आणि हिला ते महिने मिळालेच नाहीत. तुमच्या बाटलीत १ मिलीत १० मिलिग्रॅम मूळ लोह असेल, तर अर्ध्या मिलीत ५. सुट्टीच्या दिवशी १६२० ग्रॅमला ते किलोमागे ३ पडत होतं, बरोबर होतं. आज ४.६ किलोला किलोमागे जेमतेम १. वजन तिप्पट झालं, थेंब तेवढेच. बाटलीवर 'मूळ लोह' किंवा 'एलिमेंटल' पुढचा आकडा वाचा, कारण कंपनीगणिक १०, २०, २५ असं काहीही असतं, आणि बाटली बदलली की मिली बदलायचं. नवा डोस डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. रक्त कमी असलेल्या बाळाचा विकास मंदावतो आणि ते नुसतं पाहून कळत नाही. व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट चालू आहे ना, तेही पाहा.

विदर्भात आणखी एक जोडायला हवं. दोन्ही आई-बापांची सिकलसेल तपासणी कार्डावर आहे का? बाळाची सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटी ही सिकलसेलची झटपट चाचणी करून 'निगेटिव्ह' लिहू नका, त्या वयात रक्तात बाळाचं जुनं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि चाचणी फसते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीच.

लसी जन्मतारखेनेच. वजन कमी म्हणून सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी पुढे ढकलायच्या नाहीत. वरचं अन्न मात्र करेक्टेड सहा महिन्यांना, मान धरल्यावर आणि आधाराने बसू लागल्यावर. या बाबतीत डॉक्टर बाळ पाहून थोडं पुढे-मागे सांगतील.

---

फिजिओ_वर्धा

आजीच्या 'दणकट' नातवाबद्दल. राजेहो, हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

तीन महिन्यांचं बाळ उभं धरल्यावर थोडा वेळ पायावर भार घेतं, हे ठीक. पण ते कसं उभं राहतं ते पाहा. टाच टेकते का, की चवड्यावर उभं राहतं? गुडघे मुडपतात का, की लाकडासारखे ताठ? पाय एकमेकांवर कात्रीसारखे चढतात का? चवडे, ताठपणा आणि कात्री एकत्र दिसले तर ती ताकद नाही, ताण आहे. स्नायूला 'सैल हो' हा निरोप मेंदूकडून पोचत नाहीये. घरचे कौतुकाने दिवसातून दहा वेळा उभं करतात आणि तोच ताण पक्का होत जातो.

घरी पाहता येतील अशा आणखी खुणा. तीन महिन्यांनंतरही मूठ घट्ट आणि अंगठा आत. लंगोट बदलताना मांड्या फाकवायला जोर लागतो. दूध पाजताना बाळ धनुष्यासारखं मागे ताणतं. वर्षाच्या आत एकच हात वापरतं. त्याला 'डावखुरा' म्हणून कौतुक करू नका, दुसऱ्या बाजूला काय झालंय ते बघायचं असतं. उलट टोकही असतं, उचलल्यावर हातातून निसटणारं, बेडकासारखे पाय पसरून पडून राहणारं ढिलं बाळ.

मुलीच्या मानेबद्दल आज घाबरू नका. करेक्टेड तीन महिने म्हणजे मान आता कुठे धरायची. चार महिने पूर्ण होईपर्यंत वाट पाहू, पण नुसती वाट नाही. त्रिवेंद्रमचा विकास तक्ता, टीडीएससी, जिल्ह्याच्या डीईआयसीत (बालविकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) मिळतो. त्यावर उभी पट्टी करेक्टेड वयावर ठेवायची आणि पट्टीच्या डावीकडे संपणारं प्रत्येक काम बाळाला यायला हवं, एवढंच पाहायचं. ढोबळ मानाने दोन महिन्यांना हसणं, चारला मान, आठला बिनआधार बसणं, दहाला धरून उभं राहणं, पंधरापर्यंत चालणं. सगळं करेक्टेड, आणि हा हिशोब दोन वर्षांपर्यंत चालवायचा.

घरी करायचं ते असं. आईने भिंतीला टेकून अर्धवट रेलून बसायचं, बाळ छातीवर पालथं, तोंड आईच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर. बाळ जागं असताना, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर, दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मान उचलून बघायला त्याला कारण हवं, आणि आईच्या तोंडाएवढं दुसरं खेळणं नाही. आईने तिच्या भाषेत बोलावं. घरात कोरकू असेल तर कोरकूच. ताईंच्या समोर बाळाशी मोडकं मराठी बोलणाऱ्या आया पाहिल्या की वाईट वाटतं. छातीवर जमलं की चटईवर, काखेखाली गोधडीची गुंडाळी देऊन. पाठीवर झोपवताना खांद्यांच्या मागे आणि पायांभोवती गोधडीची वळकटी घोड्याच्या नालासारखी लावायची, म्हणजे हात मध्यभागी येतात आणि स्वतःचे हात त्याला दिसतात. ही वळकटी बाळ जागं असताना, डोळ्यांसमोर असतानाच. झोपताना काढून घ्यायची.

मुलाला कडेवर घ्या, पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना पसरून. आपल्याकडे बाया घेतातच तसं. कात्री सोडवायला याहून सोपा उपाय नाही. उभं करणं बंद. चाकाचं बैठं वॉकर तर कोणत्याच बाळाला नको. लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो धरून उभं राहता आल्यावरचा.

साडीच्या झोळीबद्दल. कमी दिवसांच्या बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दुमडते, आणि झोळीत नेमकं तेच होतं. शिवाय दिवसभर झोळीत असलेल्या बाळाला पालथं पडायला जागाच नसते.

मालिश करू द्या, पण सुईणबाईचा तो हातपाय ओढून उलट-सुलट घड्या घालण्याचा प्रकार नको. अशा बाळांची हाडं कॅल्शियम-फॉस्फरसअभावी ठिसूळ असतात, मांडीचं हाड मोडू शकतं. खोबरेल तेल, तळहाताने, त्वचा हलेल एवढाच दाब. नाका-कानात तेल अजिबात नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि औषधाला दाद न देणारा न्यूमोनिया होतो.

---

सिस्टर_एसएनसीयू

सगळे तपासण्यांचं सांगतात, मी सुट्टीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांचं सांगते. पुढच्या बाळांना उपयोगी पडेल.

पहिला शत्रू गारठा. चिखलदऱ्याच्या बाजूला डिसेंबरात कुडाच्या घरात पहाटे किती थंडी असते ते तुम्हाला सांगायला नको. बाळाचं पोट गरम आणि तळपाय गार लागले, म्हणजे बाळ ऊब राखायला दूध जाळतंय. ते वजनात दिसत नाही. पोटही गार लागलं तर लगेच उबेला घेऊन हालवायचं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ च्या मध्ये हवं. शेगडी नको. बंद खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी म्हणजे बारा दिवस ऑक्सिजनवर राहिलेल्या फुप्फुसाला पुन्हा मार. ऊब आईच्या अंगाची. बाळ फक्त टोपी, मोजे, लंगोटात, आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, डोकं एका कुशीला वळवलेलं, मान किंचित मागे. वरून सुती लुगड्याचा घट्ट पट्टा, बाळाच्या कानाच्या खालपर्यंत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरेनात म्हणून ही कांगारू पद्धत सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास करायला सांगते. तासाभराचं कांगारू करून 'केलं' लिहू नका. बाप, आजी, मावशी कोणीही चालतं, फक्त खर्रा-विडी खाऊन-ओढून नाही. बाळ साधारण अडीच किलोचं होईपर्यंत करायचं. मग ते स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं.

उन्हाळ्यात उलटं होतं. मे महिन्यात पत्र्याखाली, टोपी-मोजे-दुपट्यात गुंडाळलेलं बाळ ३८ चा ताप दाखवतं. आधी कपडे कमी करा, पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरला तर उन्हाचा. नाही उतरला, किंवा बाळ सुस्त असेल, तर संसर्ग समजून दवाखाना. कूलरची थेट हवा बाळावर नको.

दूध. ३४ आठवड्यांपर्यंत ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं बाळाला एकत्र जमत नाहीत. ते दमतं, झोपतं आणि आईला वाटतं पोट भरलं. म्हणून पाच-दहा मिनिटं छातीला लावायचं, मग काढलेलं दूध बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) किंवा वाटी-चमच्याने. १६२० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे दिवसाला १६० मिली म्हणजे सुमारे २६० मिली. दर दोन तासांनी, रात्रीही, २१-२२ मिली. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्यात ठेवायचं, दूध जिभेवर ओतायचं नाही, बाळ चाटून घेईल तसं द्यायचं. एक फीड अर्ध्या तासाच्या वर जात असेल, ओठ निळसर होत असतील, तर बाळ अजून घरी यायला तयार नव्हतं. काढलेलं दूध उन्हाळ्यात ठेवायचं नाही, ताजं काढायचं. बाटली-निपल नको, मध-गुटी-साखरपाणी नको.

पोट फुगलं तर डंबा (पोटाला गरम चटके देणं) नको, हे स्पष्टच सांगा, लाजू नका. कमी दिवसांच्या बाळाचं पोट फुगणं, हिरवी उलटी, शौचात रक्त ही आतडं सडण्याची खूण असू शकते. चटक्याने आतडं बरं होत नाही, वर जखमेतून जंतू आत जातात. मात्र आजीला ओरडून सांगितलं तर पुढच्या वेळी ती तुम्हाला कळवणारच नाही.

आशाताईंच्या एचबीएनसीच्या, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याच्या, भेटी ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत, आणि चाळीस दिवस एसएनसीयूत राहिलेल्या बाळाच्या बाबतीत त्या कागदावर संपूनच जातात. नेमकं घरी आल्यावरच कोणी जात नाही. सुट्टीच्या दिवसापासून जायला लावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आणले. आशाताईंची आजची भेट त्यातूनच आली. तिथे जीव वाचण्याचा प्रश्न होता, आता वाचलेल्या जिवाचे डोळे-कान-मेंदू वाचवायचे आहेत, पण भेट तीच लागते.

---

गटप्रवर्तक_मेळघाट

सगळ्यांचे आभार. आत्ता आशाताईंशी बोलले. मुलगा हसत नाही, आई सांगते चेहऱ्याकडे बघतच नाही. व्हिडिओ आला, हात पुढे येतात, मान वाकते, सहा वेळा झालं. सकाळी १०२ च्या रुग्णवाहिकेने निघतो. मुलीला आणि तिच्या आईला त्याच गाडीत घेऊ का? धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून अमरावती म्हणजे दिवस जातो, तिच्या तपासण्या एका फेरीत होतील का?

---

बालरोग_अकोला

मुलगा थेट बालरोग विभागात, व्हिडिओ हातात, आणि चिठ्ठीवर ठळक लिहा: 'झटक्यांचा संशय, जन्मानंतर साखर २८'. ओपीडीच्या रांगेत बसवू नका. दाखल करतीलच, आईची दोन कपड्यांची तयारी ठेवा.

मुलीला घेऊन जा. क्रम असा ठेवा, डोळे शेवटी. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की ती तासभर किरकिरते, आणि पडदा पाहण्याआधी तासभर दूध द्यायचं नसतं, नाहीतर उलटी होते. आधी बेरा.

---

फिजिओ_वर्धा

आणि बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. घाटात गाडी हलली की ती तिथेच झोपेल आणि यंत्रासमोर टक्क जागी राहील, मग 'पुढची तारीख घ्या' म्हणतील. तिच्या आईला सांगा, सेमाडोहपासून पुढे तिला झोपू द्यायचं नाही. गप्पा मारा, पाय चोळा, खिडकीतून दाखवा. कानामागे आणि कपाळाला तेल लावू नका, चिकटपट्ट्या धरत नाहीत. यंत्राच्या खोलीबाहेर पोचलात की पोटभर पाजा, खांद्यावर ढेकर काढा, पाच मिनिटांत झोपते. घरून झोपेचं औषध देऊ नका, लागलं तर तिथेच देतात.